अडतिसाव्या भागातलं रक्त

३ ऑक्टोबर

ताई,

पाकिटावरचा पत्ता माझ्या हातचा नाही. खालच्या लाँड्रीवाल्या बाईंकडून लिहून घेतला. माझं अक्षर ओळखलंस तर तू पाकीट तसंच रद्दीत टाकशील अशी धास्ती होती. आता उघडलंच आहेस तर एक पान तरी वाच. दुसरं नाही वाचलंस तरी चालेल.

मी बरा आहे. डावा गुडघा दुखतो, रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली, पण बरा आहे. तुझी चौकशी करायला मला तोंड नाही. भाऊजी गेले तेव्हा मी तुझ्याकडे सान्नोहेला नुसती तार पाठवली. त्याबद्दल आज काही लिहीत नाही, लिहायला बसलो तर बाकीचं राहून जाईल.

कारण असं की ‘मुकुरोगा’ परत येतोय. आपला मुकुरोगा, समुद्रातून खणून काढलेला तो हाडांचा महाकाय रोबो. अडतीस वर्षांनी त्याचे सगळे एकोणचाळीस भाग धुऊनपुसून घरी बघायच्या डिस्कवर काढतायत. पेटी, पुस्तिका, सगळं. परवा त्या कंपनीची शिराइशी नावाची मुलगी खोकं घेऊन दारात उभी.

“तोमाबेची-सान ना? स्टुडिओची गाडी चालवायचे ते?”

“मी काही केलेलं नाही,” मी म्हणालो. ताई, हेच निघालं बघ तोंडातून.

ती हसली. तिला वाटलं म्हातारा विनोदी आहे. मग तिने सांगितलं की तेव्हाची माणसं आता फारशी उरली नाहीत. दिग्दर्शक गेले, रेखाटणारे बरेच गेले, जे आहेत त्यांना आठवत नाही. सहा जण मिळाले, त्यात मी. सहाही जणांना चाचणीच्या तेरा डिस्क द्यायच्या आणि प्रत्येक भागासाठी एक तक्ता भरून घ्यायचा. चित्र कसं, आवाज कसा, रंग कसा, इतर काही.

“अहो, मी फक्त ने-आण करायचो. शाळाही नववीपर्यंतच. मला काय कळतंय त्यातलं?”

“म्हणून तर तुम्ही हवेत. बाकीचे आपापल्या विभागापुरतं बघतात. रंगवणाऱ्या बायकांच्या घरोघरी जाऊन सगळ्यांचं काम हातात घेतलेले तुम्ही एकटेच.”

नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलं नाही, तुला माहीत आहे. खोकं आता टीव्हीखाली आहे. त्या यंत्राच्या रिमोटला एकेचाळीस बटणं आहेत, मी मोजली. चुकीचं दाबलं तर सगळं पुसलं जाईल का, असं विचारलं तर ती म्हणाली, डिस्क पुसली जात नाही. तरी मी बोट जपून ठेवतो.

तू कधी पाहिली होतीस का गं ही मालिका? मी नाही. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला लागायची, तेव्हा मी गाडीवर असायचो. लोकांना मी असंच सांगत आलो.

तोकुजी

२१ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. पोस्टमनला विचारलं, परत आलेलं पत्र किती दिवसांत येतं? तो म्हणाला, आजोबा, आठवडाभरात येतं. म्हणजे तू घेतलंस. एवढंच मला पुरे आहे.

वीस भाग झाले. मी ठरवून बघतो. जेवणानंतर दोन, मग चालून येतो, मग तक्ता. कठीण अक्षरं कोशात बघावी लागतात, म्हणून एका तक्त्याला तासभर जातो.

खरं सांगू का? पहिले तीन भाग मला आवडले नाहीत. फार हळू. रोबो चौथ्या भागापर्यंत उठतच नाही, नुसता बंदरात पडून असतो आणि माणसं त्याच्यावरून भांडतात. पण नंतर मी अडकलो. नात्सुमे नावाची पंधरा वर्षांची पोर त्याला चालवते. ती राक्षसांशी लढून प्रत्येक वेळी जिंकते आणि प्रत्येक वेळी गावाची एक गल्ली जाते. अकराव्या भागात गाव तिच्याशी बोलायचं थांबतं. चौदाव्यात तिची आई डबा द्यायचं थांबवते. आई रागावत नाही, रडत नाही. ओट्यावर फक्त डबा नसतो. मी यंत्र थांबवून चालून आलो. लहान मुलांच्या वेळेला हे कुणी दाखवलं? आणि त्याची खेळणी विकली गेली नाहीत म्हणून मालक लोक ओरडायचे. कशी विकली जातील? दर भागाच्या शेवटी त्याचा एक हात तुटलेला.

चित्र इतकं स्वच्छ केलंय की भीती वाटते. तेव्हाच्या टीव्हीवर अंधाराचे प्रसंग म्हणजे नुसता काळा चौकोन असणार. आता त्या काळ्यात सगळं दिसतं. तुम्ही रंगवायच्या त्या पारदर्शक सेलवरची धूळ दिसते, ब्रशचा केस दिसतो. सातव्या भागात आकाशात एक आख्खा अंगठा उमटलाय. कुणाचा असेल? तुम्हा बायकांना मी पांढरे हातमोजे आणून द्यायचो, त्यामुळे तुमचा नाही. बहुतेक माझाच. मी तक्त्यात लिहिलं, अंगठा पुसू नये. ढग मात्र जास्त पुसलेत, त्यातला कुंचल्याचा खरखरीतपणा गेला, तेही लिहिलं. आवाजात मागे जी सूं सूं आहे ती राहू द्यावी, ती काढली तर समुद्र मेल्यासारखा वाटतो. असं सगळं लिहिलं.

काल शिराइशीचा फोन आला.

“तोमाबेची-सान, आवाजावर तुम्ही अर्धं पान लिहिता, चित्रावर पाऊण. आणि रंगापुढे वीसही वेळा फक्त ‘चांगला’.”

“चांगला आहे म्हणून चांगला.”

“नवव्या भागात आम्ही मुद्दाम रंग बिघडवून पाठवला होता. सगळ्यांनाच. बघणारा डुलक्या घेत नाही ना, ते कळावं म्हणून.”

“हो हो, आलं होतं की लक्षात,” मी म्हणालो. “पण म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

“मला कशाला वाईट वाटेल? नात्सुमेचं तोंड हिरवं होतं आख्खा भाग!”

मी म्हणालो, समुद्र लागला असेल तिला. ती हसली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र नववा भाग पुन्हा लावला, तिचं तोंड मला नेहमीसारखंच दिसलं.

तू एकटीच समजशील म्हणून लिहितो. शाळेत रंगांची नजर तपासायला ते ठिपक्यांचं पुस्तक घेऊन डॉक्टर यायचे. तू माझ्याआधी तपासून यायचीस आणि प्रत्येक पानावरचा आकडा मला क्रमाने पाठ करून द्यायचीस. बारा, आठ, एकोणतीस, पाच. आपल्या दोघांशिवाय हे अजून कुणालाही माहीत नाही. योशिएलासुद्धा मी सांगितलं नाही. ती माझी बायको, चाळीस वर्षं माझे मोजे निवडत होती आणि तिला वाटायचं, आळशी माणूस आहे.

थंडी पडेल आता तुमच्याकडे. छपरावरचं बर्फ स्वतः काढू नकोस.

तोकुजी

४ नोव्हेंबर

ताई,

शेवटचे भाग बघून झाले. छत्तिसाव्यापासून मी चालायला गेलोच नाही, सलग बसलो. पण आज मालिकेबद्दल लिहीत नाही.

शिराइशी सकाळी स्वतः आली. सोबत आणखी एक डिस्क होती आणि छापायला जायच्या पुस्तिकेची पानं. म्हणाली, “एकच प्रश्न उरलाय. भाग अडतीस, कट दोनशे बारा. नीट बघून सांगा.”

दृश्याचा तो तुकडा म्हणजे, मुकुरोगा उथळ पाण्यात गुडघ्यावर आलाय, छाती फुटलीय आणि रक्त वाहून बर्फावर पसरतंय. तिने आधी एक दाखवला. म्हणाली, हा ‘अ’, तेव्हा टीव्हीवर गेला तसा. मग दुसरा. हा ‘ब’, आम्ही दुरुस्त केलेला.

“कोणता ठेवायचा?”

ताई, दोन्ही एकच होते. मी चष्मा पुसला, पुढे सरकून बसलो, मागे सरकून बसलो. तिने पुन्हा लावले. अ, ब, अ, ब. मी पडद्याकडे बघायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघू लागलो. ‘ब’ला तिची मान जराशी हलली असं वाटलं. मी म्हणालो, “ब.”

“नक्की?”

“नक्की. एकदम नक्की.”

तिने तक्त्यावर माझी सही घेतली. सहा जणांपैकी एकाला ठरवता आलं नाही, दोघे ‘अ’ म्हणाले आणि माझ्यासकट तिघे ‘ब’, म्हणजे माझ्यामुळे पारडं झुकलं. मग ती जरा उदास होऊन म्हणाली, प्रेक्षकांना मात्र ‘अ’ प्रिय आहे. आख्ख्या मालिकेत शत्रूच्या राक्षसांचं रक्त शेवाळी आणि आपल्या मुकुरोगाचं लाल. फक्त या एका कटमध्ये मुकुरोगाचं रक्तही शेवाळी निघतं. लोकांना वाटलं, म्हणजे तोही त्यांच्यातलाच, एकाच जातीचा, पोर एवढे दिवस त्याच्याच भावंडांना मारत होती. तेव्हा पोतंभर पत्रं आली होती म्हणे. माणसं अजून त्यावर लेख लिहितात.

“पण मादारामेबाईंनी खरं काय ते लिहून दिलंय,” ती म्हणाली, “म्हणून दुरुस्त करायचं ठरतंय.”

रंग तपासणाऱ्या मादारामेबाई. बोटात अंगठीऐवजी रबर बँड घालायच्या त्या. एक्क्याऐंशीच्या आहेत आता. त्यांनी लिहिलेलं पान मी वाचलं. त्यातली ओळ तशीच उतरवतो. ‘होया इथल्या कोझुका गटाने नजरचुकीने शत्रूच्या रक्ताचा रंग मुकुरोगाला लावला. या संचात ती चूक सुधारली आहे.’

कोझुका गट. तुझ्या सासरचं नाव, स्पष्ट अक्षरांत. तुझ्यासकट अकरा बायका होत्या त्यात. तेव्हा ते स्टुडिओतल्या चार माणसांत राहिलं होतं. आता ते छापून प्रत्येक पेटीत जाणार, आणि पेट्या माणसं आयुष्यभर जपून ठेवतात.

पुस्तिका वीस तारखेला छापायला जाते. मी ‘ब’वर सही करून बसलोय.

५ नोव्हेंबर

कालचं पत्र टाकलं नाही. त्यालाच जोडून लिहितो. आता लिहिलं नाही तर माझ्याच्याने व्हायचं नाही.

फेब्रुवारीतली ती दुपार. तू लेकीच्या, चिगुसाच्या शाळेत गेली होतीस, तिचं गाणं होतं. दार उघडंच असायचं. मी दुसऱ्या कटचे सेल न्यायला आलो होतो. दोनशे बाराचे अठरा सेल तुझ्या फळीवर वाळत होते, ते सकाळी सहाला न्यायचे होते. मला वाटलं, आत्ताच रचून तयार ठेवले तर सकाळी पाच मिनिटं वाचतील. कडेला बोट लावून बघितलं, कोरडे वाटले. मध्ये पातळ कागद घालून मी ते एकावर एक रचले.

ते सुकले नव्हते. पुन्हा उचलले तेव्हा चार सेलवरचं रक्त कागदाला चिकटून निघून आलं.

तुझ्या टेबलावर बरण्या होत्या. तू रंग मोठ्या बाटलीतून जॅमच्या बरण्यांत काढायचीस आणि त्यांच्यावर चिठ्ठी लावायची नाहीस, तुला लागायची नाही. मला रक्ताची बरणी हवी होती. गडद अशा दोन होत्या, एक भरलेली, एक तळाला आलेली. मला दोन्ही एकच रंग दिसल्या. भरलेलीतून मी तीन सेल झाकले. झाकण घट्ट लावून ठेवलं आणि मग चौथा दिसला. पुन्हा झाकण उघडण्यापेक्षा तळाला आलेली बरणी खरवडली आणि चौथा संपवला. सगळे होते तसे फळीवर मांडले आणि निघून गेलो. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

सकाळी सहाला तू दारात पिशवी दिलीस. म्हणालीस, “नीट ने.” मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

भाग टीव्हीवर गेल्यावर निर्मात्याने तुला बोलावलं, तेव्हा मी खाली आवारातच होतो, गाडीत, इंजिन चालू ठेवून. वर तू म्हणालीस, रंग मीच चुकले. हे मला नंतर दुसऱ्याने सांगितलं. अकराही जणींचं काम गेलं. ते सेल नेल्यावर पुढच्याच आठवड्यात मी साहेबांकडून तोकोरोझावाचा रस्ता मागून घेतला होता, तुझ्या घरावरून जावं लागू नये म्हणून.

माझी रंगांची गोष्ट बाहेर आली असती तर त्याच दिवशी मला काढलं असतं. बायको, भाडं, हे सगळं मी स्वतःला अडतीस वर्षं सांगत आलो. पुन्हा सांगत नाही.

तोकुजी

१६ नोव्हेंबर

ताई,

मंगळवारी मी त्या कंपनीत गेलो. तीनदा गाडी बदलावी लागते, एकदा उलट्या बाजूची पकडली, तरी वेळेआधी चाळीस मिनिटं पोचलो. शिराइशीने मादारामेबाईंनाही बोलावून घेतलं होतं, कारण मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की पान चुकलंय. बाई काठी टेकत आल्या. रबर बँड अजून आहे.

“काय रे तोमाबेची, अजून गाडी चालवतोस की गाडीच तुला चालवते?”

मी म्हणालो, “बाई, आधी बसा.”

सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, त्याच क्रमाने. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. शिराइशी लिहून घ्यायची थांबली. बाईंनी टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या आणि माझ्या नाकासमोर धरल्या.

“ही कुठली?”

“पेन्सिल.”

“गाढवा, रंग.”

“तोच तर सांगतोय, बाई.”

त्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या. “सात वर्षं,” त्या म्हणाल्या. “सात वर्षं माझे रंग याने वाहिले, आणि मला कळलं नाही! डोळे माझे तपासायला हवे होते.”

मग मी म्हणालो, पुस्तिकेत कोझुका गटाचं नाव काढा आणि माझं घाला, चार सेल मी बिघडवले. तेव्हा शिराइशी म्हणाली, “चार?”

तिने डिस्क लावली आणि तो कट आणला. मग एकेक चित्र पुढे सरकवू लागली. घरी बघायच्या डिस्कवर तसं करता येतं, ते एकेचाळिसातलं एक बटण त्यासाठीच आहे. ती एकेक सेल मोठ्याने मोजत होती. “एक, शेवाळी. दोन, शेवाळी. तीन, शेवाळी.” ती अशी अठरापर्यंत गेली. एकही लाल नव्हता.

“तुम्ही चारच केले होते ना?”

“चारच. शपथेवर चार.”

मला काहीच कळेना. एवढी वर्षं मला वाटत होतं की माझे चार सेल होते आणि गदारोळ त्या चारांचाच होता. मी कधी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी मला काय दिसणार होतं?

मादारामेबाई काठीवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “चार शेवाळी आणि चौदा लाल असते तर पडद्यावर रक्त लुकलुकलं असतं. एका पायावर उभी राहून मी ते पकडलं असतं. गठ्ठा परत पाठवला असता आणि विचारलं असतं, मधल्या चारांना हात कुणी लावला. अठराही एकसारखे आले म्हणून मी सोडले. मला वाटलं, दिग्दर्शकाने ऐन वेळी रंग बदलला असेल. तो बदलायचाच.” मग म्हणाल्या, “तुझ्या बहिणीने उरलेले चौदा रंगवले. तुझ्या रंगाला मिळते करून.”

शिराइशीने ते चित्र तसंच थांबवून ठेवलं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो. मला ते गडद दिसत होतं, एवढंच.

ताई, तू संध्याकाळी घरी आलीस, फळीवर बघितलंस, आणि तुला लगेच कळलं असणार कुणी केलं. असली चूक जगात एकच माणूस करू शकत होता. सकाळी सहापर्यंत तू बसलीस. आणि दारात ‘नीट ने’ म्हणालीस. तुला माझ्या चुकीची शिक्षा झाली असं मी समजत होतो. ती तू आपल्या हाताने ओढवून घेतली होतीस, सेलमागून सेल रंगवून, हे मला वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी एका मुलीने बटण दाबल्यावर कळलं.

आता ठरलं ते असं. माझी ‘ब’वरची सही रद्द. शिराइशी म्हणाली, रंग न दिसणाऱ्याचं मत रंगासाठी धरता येत नाही, आणि जरा लाजली. मी म्हणालो, बरोबर आहे. मादारामेबाईंनीही आपलं मत फिरवलं, म्हणून कट ‘अ’च राहतोय, टीव्हीवर गेला तसा. बाईंचं पान काढलं. त्या जागी मी लिहिलेलं जातंय. मला चांगलं लिहिता येत नाही, पण शिराइशीने एक अक्षर बदललं नाही.

‘कट दोनशे बाराचे सेल सुकण्याआधी रचल्यामुळे चार सेलचा रंग निघाला. गाडीचालक तोकुजी तोमाबेची याला लाल आणि शेवाळी यांतला फरक दिसत नाही. त्याने ते कुणाला न सांगता चुकीच्या रंगाने झाकले आणि अडतीस वर्षं गप्प राहिला. कोझुका गटाची यात काहीही चूक नव्हती.’

उरलेल्या चौदांचं मी काही लिहिलेलं नाही. ते तुझे आहेत. छापायचं की नाही, आणि छापायचं तर कसं, ते तू सांगायचंस. शिराइशीने छापखान्याला सांगून ते पान अठ्ठावीस तारखेपर्यंत थांबवलंय. उत्तर आलं नाही तर माझा मजकूर आहे तसाच जाईल. मादारामेबाईंनी तुझा नंबर मागितला. माझ्याकडे नाही, असं मी सांगितलं. तो खरंच नाही.

या पाकिटावरचा पत्ता मी स्वतः लिहिलाय.

तोकुजी

सान्नोहे, २४ नोव्हेंबर

तोकुजी,

चारही पाकिटं मिळाली. पहिल्यावरचं अक्षर लाँड्रीवालीचं असेल, पण तिकीट वाकडं तूच लावतोस. तेव्हाच कळलं. उघडून वाचलं आणि ठेवून दिलं. म्हटलं, बघू किती पत्रांनी मुद्द्यावर येतोस. तीन लागली. तुझ्या मानाने लवकर.

तुझा राग मला त्या सेलचा कधीच नव्हता. कामाचाही नव्हता. आम्ही अकरा जणी काही उपाशी मेलो नाही. मी इथे येऊन बालवाडीत स्वयंपाक केला, वीस वर्षं, चांगला केला. सकाळी सहाला दारात मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते. म्हटलं, आत्ता बोलेल. नाही बोललास. म्हटलं, पुढच्या फेरीला बोलेल. पुढच्या आठवड्यात गाडी आली, उतरला दुसराच माणूस. टोपी काढून म्हणाला, आजपासून मी. तो राग आहे. तो पत्राने जात नाही, एवढं समजून अस. पण आता तो पूर्वीइतका जडही राहिलेला नाही, तेही समजून अस.

मी मालिका बघितली होती. दर शनिवारी, चिगुसाला मांडीवर घेऊन. तू म्हणतोस ते डब्याचं खरं आहे. मी पण तेव्हा उठून गेले होते.

आता छापायचं काय ते. तुझा मजकूर ठीक आहे. ‘अडतीस वर्षं गप्प राहिला’ हे काढू नकोस, ते हवंच. उरलेल्यांबद्दल एक शब्दही छापायचा नाही. लोकांना त्यात जे दिसतं ते दिसू दे. मादारामेबाईंना नंबर दे, खाली लिहिलाय. रविवारी सकाळी मी घरी असते. तुला फोन करायचा तर त्यांच्यानंतर कर, आणि गुडघ्याचं पुराण लावू नकोस.

एक मात्र तुझं चुकलंय, ते मादारामेबाईंनाही सांग. मी चौदा नाही रंगवले. पंधरा रंगवले.

तू भरलेल्या बरणीतून तीन केलेस, ते शेवाळी. ती तळाला आलेली बरणी खरवडून जो चौथा केलास, तो लाल होता. बरोबर होता. कडा तर अशी, थेंबसुद्धा बाहेर गेला नव्हता, मला स्वतःला तसा जमला नसता. पण घरातला लाल तिथेच संपला. तुझे तीन सुधारायला माझ्याकडे काही उरलं नाही, आणि सहाला गाडी यायची होती. शेवाळी तेवढा भरपूर होता. म्हणून मी माझे चौदा पुसून पुन्हा रंगवले. ते करताना मला काही वाटलं नाही, हात आपोआप चालत होता.

तुझा तो एक बरोबर होता, तो मी सगळ्यांत शेवटी घेतला. खूप वेळ समोर ठेवून बघत बसले. मग तोही पुसला.

फुसाए